तिसऱ्या लोडची पट्टी

सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, एक लांबट खोली आहे. दारावर 'निर्जंतुकीकरण विभाग' अशी पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. सगळे तिला 'कुकर' म्हणतात. आत माणूस उभा मावेल एवढी वाफेची लोखंडी टाकी आहे आणि प्रत्येक फेरी संपली की ती मोठा फुसकारा सोडते. टाकी चालवणारे ते कुकरमास्तर. आता नुसतंच मास्तर. शाळेत शिकवायला ते एक दिवसही उभे राहिलेले नाहीत, पण लोक मास्तर म्हणत असतील तर आपलं काय जातं, असं त्यांचं मत आहे.

काम सांगायला सोपं आहे. ऑपरेशन थिएटरची हत्यारं धुऊन, दुहेरी कापडात बांधून त्यांची गाठोडी करतात. वॉर्डातल्या ड्रेसिंगचा कापूस आणि गॉज पत्र्याच्या गोल ड्रममध्ये भरतात. हे सगळं टाकीत रचायचं, दार आवळायचं, वाफ सोडायची. दोन गाठोड्यांमध्ये हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा सोडायची. ड्रमची भोकं आत जाताना उघडी, बाहेर येताना बंद. टाकीच्या तळाशी चहाच्या गाळणीएवढी एक जाळी आहे. हवा आणि पाणी तिथून बाहेर पडतं आणि कपड्यांचे तंतू तिच्यात अडकतात. रोज सकाळी सात वाजता मास्तर ती दातांच्या जुन्या ब्रशने घासतात. या कामाला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. एकोणीस वर्षं हे चाललं आहे.

टाकीच्या एका फेरीला लोड म्हणतात. प्रत्येक लोडमध्ये जाळीच्या बरोबर वर, जिथे वाफ सगळ्यांत उशिरा पोचते, चाचणीचं एक छोटं गाठोडं ठेवतात. त्यात बोटभर लांबीची कागदी पट्टी असते. वाफ नीट लागली की गुलाबी पट्टी हिरवी होते. मग ती रजिस्टरमध्ये चिकटवायची, सही करायची आणि माल वर पाठवायचा. पट्टी गुलाबी राहिली, किंवा मधलीच कुठली तरी झाली, तर सगळा लोड पुन्हा.

मास्तरांना गुलाबी आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत.

दोन्ही त्यांना ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचे दिसतात. काळा दिसतो, पिवळा दिसतो, निळा तर छान दिसतो. घरात ही गोष्ट लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळली. बायकोने टोमॅटो आणायला पाठवलं आणि हे किलोभर कच्चे घेऊन आले. "पिकलेले सांगितले होते ना?" "हे पिकलेलेच आहेत की." दोघांनी पिशवीत बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. तेव्हापासून टोमॅटो ती आणते, त्यांचे शर्ट-पँट ती काढून ठेवते आणि या गोष्टीला घरात कोणी नाव दिलेलं नाही. नोकरी लागताना डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली होती, रंग विचारले नव्हते. मास्तरांनीही आपणहून सांगितलं नाही. विचारलंच नाही तर सांगायचं काय?

पहिली सात वर्षं अडचण नव्हती, कारण तेव्हाची पट्टी काळी व्हायची. मग पुरवठा बदलला आणि गुलाबी-हिरवी पट्टी आली. त्याच आठवड्यात विभागाच्या तेव्हाच्या इन्चार्ज, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, त्यांनी हुकूम काढला, "मास्तर, आजपासून पट्टी मला आणून दाखवायची. मी बघून सही करेन, मग माल सोडायचा."

त्या दिवशी मास्तर घरी आले ते फणफणतच. "सात वर्षं माझ्या एकट्याच्या सहीवर माल जात होता. आता म्हणे आणून दाखवा. मी काय शाळेतला पोरगा आहे, पाटी दाखवायला?"

बायको कणीक मळत होती. ती म्हणाली, "मग बरंच झालं की. सुंठीवाचून खोकला गेला."

ती म्हणत होती ते खरं होतं आणि अपमान झाला होता हेही खरं होतं. पुढची बारा वर्षं रोज तीन लोड, रोज तीन वेळा, ते हातावर पट्टी ठेवून एकतीस पावलं चालत समोरच्या खोलीत जात राहिले. मोठ्या सिस्टर चष्मा नाकावर घेत, पट्टी खिडकीकडे धरत, "ठीक आहे" म्हणत आणि सही करत. परत येताना कधी त्यांना हायसं वाटायचं, कधी राग यायचा. यांना आपल्याबद्दल माहीत आहे का, हा प्रश्न त्यांना अधूनमधून पडे. माहीत असेल तर त्या आपल्याला सांभाळून घेताहेत. नसेल तर त्यांचा आपल्यावर विश्वास नाही. दोन्हीपैकी कुठलं, हे बारा वर्षांत ठरलं नाही.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मास्तरांनी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्या म्हणाल्या, "जपून राहा हो." हे वाक्य त्या सगळ्यांनाच म्हणत होत्या, तरी मास्तर पुढचे चार दिवस त्याचा अर्थ लावत होते.

नव्या सिस्टर वयाने मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, चालायला झपाझप आणि बोलायला गोड. दुसऱ्याच दिवशी मास्तर पट्टी घेऊन गेले तर त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"हे काय मास्तर?"

"पहिल्या लोडची पट्टी. सही."

"तुमची सही आहे ना खाली? मग माझी कशाला? एकोणीस वर्षं झाली तुम्हाला. मी इथे काल आले. तुम्हाला शिकवणारी मी कोण?" त्या हसल्या. "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. उद्यापासून पट्टी आणायची नाही."

मास्तर हातातली पट्टी तशीच घेऊन परत आले. एकतीस पावलांत त्यांच्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी की, हे आपल्याला बारा वर्षांपूर्वी हवं होतं. दुसरी गोष्ट अशी की, आता बघायचं कोणी?

सांगून टाकावं, हा विचार आला नाही असं नाही. पण रंग दिसत नाहीत असा माणूस पट्टी वाचायच्या कामावर राहू शकत नाही, हे कळायला नियमाचं पुस्तक लागत नाही. निवृत्तीला सहा वर्षं होती. मशीनवरून काढलं तर नोंदणीच्या खिडकीवर बसवतील, नाहीतर फाटकावर. ज्याला टाकीच्या फुसकाऱ्यावरून कुठली झडप सैल झालीय ते ओळखता येतं, त्याने फाटकावर बसून गाड्या मोजायच्या.

दुपारपाळीला एक तरुण जोडीदार येतो. त्याला मास्तरांनी नव्या हुकमाचं सांगितलं, स्वतःचं नाही.

"विश्वास आहे म्हणाल्या?" जोडीदाराने भुवया चढवल्या. "मग मेलात तुम्ही. साहेब ओरडतो तोवर आपण सुरक्षित. गोड बोलला की समजायचं, काहीतरी आपल्या गळ्यात येतंय. लेखी मागा."

"काय लेखी मागू? माझ्यावर विश्वास आहे असं लिहून द्या म्हणून?"

"हां, हेही आहेच."

"तुला कधी दाखवायला सांगायच्या का रे पट्टी? मोठ्या सिस्टर?"

"मला? कधीच नाही."

म्हणजे फक्त आपल्यालाच. मग जोडीदारच म्हणाला, "दुपारी त्या असायच्या कुठे? तीनला घरी जायच्या." आणि गोष्ट पुन्हा होती तिथे आली.

मास्तरांनी तोडगा काढला तो असा. ट्रॉलीवर माल चढवून वर नेणाऱ्या एक मावशी आहेत. रुग्णालयाच्या उतरंडीत त्यांच्या खाली फक्त फरशी. मास्तर पट्टी पुढे करून सहज विचारल्यासारखं विचारू लागले, "मावशी, ही बघा बरं. कशी वाटते?"

मावशी मान वाकडी करून बघत. "हिरवी."

"नक्की?"

"हिरवीच आहे की."

मास्तर सही करत. दोन महिने हे बिनबोभाट चाललं. नव्या सिस्टर जाता-येता दारातून विचारत, "सगळं ठीक ना मास्तर?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. ही पण विश्वासाचीच रीत असावी, असं मास्तरांनी धरून घेतलं.

त्यानंतर एका बुधवारी थिएटरसाठी नव्या कोऱ्या गाऊनचे गठ्ठे आले. नवं कापड पहिल्या वाफेला फार तंतू सोडतं. मास्तरांनी सकाळी जाळी घासली होती. पहिले दोन लोड गाऊनचे गेले. तिसऱ्यात थिएटरची आठ गाठोडी आणि वॉर्डाचे सहा ड्रम होते. आधीच्या दोन लोडांनी जाळी तुंबली होती. हवा तळाशी कोंडून राहिली आणि वाफ तिथे पोचली नाही. वरचा काटा बरोबर आकडा दाखवत होता. गाठोड्यांवर बाहेरून लावलेल्या टेपवरच्या रेघा वाफेने काळ्या झाल्या होत्या आणि काळं मास्तरांना उत्तम दिसतं. त्यांनी चाचणीची पट्टी काढली.

"मावशी, ही?"

मावशींनी या वेळी जरा जास्त वेळ बघितलं. "हिरवी," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सही केली.

सव्वा तासाने वरून फोन आला. थिएटरच्या मोठ्या गाठोड्यांच्या आतही एकेक पट्टी असते. खालच्या रांगेतलं गाठोडं उघडल्यावर आतली पट्टी गुलाबी निघाली होती. रुग्ण टेबलावर होता, पण भूल अजून द्यायची होती. ऑपरेशन दोन तास पुढे ढकललं. सर्जनने जे शब्द वापरले ते थिएटरच्या सिस्टरने फोनवर जसेच्या तसे ऐकवले. गाठोडी सगळी परत आली. वॉर्डाच्या ड्रममध्ये मात्र पट्टी नसते, ते नुसत्या मास्तरांच्या सहीवर चालतात. सहापैकी पाच न उघडता परत आले. सहावा बायकांच्या वॉर्डात उघडला होता. त्यातल्या गॉजने दोघींची ड्रेसिंग झाली होती. ती काढून ताज्या सामानाने पुन्हा केली.

मास्तरांनी जाळी काढली. तिच्यावर फेल्टच्या टोपीसारखा तंतूंचा थर बसला होता. मग त्यांनी रजिस्टर उघडून तिसऱ्या लोडची पट्टी मावशींपुढे धरली.

"मावशी, खरं सांगा. ही हिरवी आहे?"

मावशींचे डोळे भरून आले. "मधलीच आहे."

"मग तेव्हा हिरवी का म्हणालात?"

"मला वाटलं, तुम्ही परीक्षा घेताय."

"कसली परीक्षा?"

"तुम्ही रोज विचारायचात. तुम्हाला दिसत होतं, तरी विचारायचात. मग परीक्षाच ना? सिस्टर विचारतात, मावशी, हात धुतले का? आपण हो म्हणायचं असतं. साहेब विचारतात, काही अडचण आहे का? आपण नाही म्हणायचं असतं. तुम्ही विचारता, कशी वाटते? तर हिरवी म्हणायचं. मधली म्हणाले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, मावशी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

मास्तरांनी आठवून बघितलं. खरंच, असं आपण म्हणालो असतो का? म्हणालो असतो, बहुतेक.

दुसऱ्या दिवशी नव्या सिस्टरनी कागद दिला. सोमवारपर्यंत लेखी खुलासा करावा. कागद देताना त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या. "मी तुमच्यावर विश्वास टाकला होता, मास्तर," एवढंच म्हणाल्या. यात राग होता की दुःख, की दुसऱ्या कोणासाठी तयार करून ठेवलेलं वाक्य होतं, हे मास्तरांना सांगता येत नाही.

जोडीदार म्हणाला, "मावशींवर ढकला. नाहीतर जाळीवर ढकला. जाळी बोलत नाही."

बायको म्हणाली, "आधी मोठ्या सिस्टरना जाऊन विचारा. त्यांना माहीत असेल आणि तरी त्यांनी तुम्हाला ठेवलं असेल, तर त्या तसं सांगतील. बारा वर्षं घोकताय ते एकदाचं विचारून तरी या."

मोठ्या सिस्टर लेकीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. मास्तर रविवारी सकाळी गेले. सिस्टर घरच्या कपड्यांत निम्म्याच वाटत होत्या. चहा झाला. रुग्णालयात कोण आहे, कोण गेलं, हे झालं. मग मास्तरांनी बुधवारची हकीकत सांगितली आणि एका दमात विचारलं, "सिस्टर, नवीन पट्टी आली तेव्हा तुम्ही मला आणून दाखवायला का सांगितलं होतं?"

"वरून कागद आला होता," सिस्टर म्हणाल्या. "नवीन पट्टी आहे, पहिले पंधरा दिवस इन्चार्जने स्वतः तपासावी."

"पंधरा दिवस?"

"हो. पंधरा दिवस झाले. तुम्ही आणतच राहिलात."

मास्तरांच्या हातात कप होता तो तसाच राहिला. "तुम्ही बंद करा म्हणाला नाहीत."

"तुम्ही विचारलंही नाहीत. मला वाटलं, दाखवलं की तुम्हाला बरं वाटतं. काही माणसांना सही लागते. मग म्हटलं, करू सही, आपलं काय जातं?"

"मला वाटलं तुमचा विश्वास नाही."

"विश्वास नव्हता कसा? शेवटची दोन वर्षं तर सगळा विश्वासच होता." त्या हसायला लागल्या. "माझे दोन्ही डोळे पिकले होते. मोतीबिंदू. सगळं चहातून बघितल्यासारखं दिसायचं. निवृत्तीपर्यंत ढकललं कसंबसं, आता ऑपरेशन करून घेतलं. तुम्ही पट्टी पुढे केलीत की मी खिडकीकडे धरायचे, पण रंगाचं काही खरं नव्हतं. म्हणायचे, मास्तरांनी आणली म्हणजे बघूनच आणली असणार."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"सिस्टर, मला गुलाबी-हिरवा कळत नाही. जन्मापासून."

सिस्टरचं हसू थांबलं. त्यांनी नव्या डोळ्यांनी मास्तरांकडे नीट बघून घेतलं. "म्हणजे दोन वर्षं..." त्या म्हणाल्या. बोटांनी त्यांनी हिशेब केल्यासारखं केलं. रोज तीन लोड. "म्हणजे आंधळी कोशिंबीरच चालली होती की आपली."

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

सिस्टरनी कप गोळा केले. "एकदा तुम्ही पट्टी उलटी आणली होती, कोरी बाजू वर. तेव्हा मनात आलं होतं काहीतरी. मग फोन वाजला." आणि त्यांनी लेकीला हाक मारून मास्तरांसाठी आणखी चहा सांगितला.

मास्तर जिना उतरले. आपल्याला कोणी सांभाळत नव्हतं आणि कोणी आपल्यावर पहाराही ठेवत नव्हतं, इथपर्यंत त्यांना कळलं. मग बारा वर्षांचा राग कोणावर होता, हे मात्र कळेना. आणि त्या दोन वर्षांत वरून एकही लोड परत आला नाही, हे जाळी घासल्यामुळे की नशिबामुळे, हेही.

रविवारी त्यांना सुट्टी असते, तरी ते घरी न जाता रुग्णालयात गेले. बायकांच्या वॉर्डात बुधवारच्या त्या दोघी होत्या. एकीचं पोटाचं ऑपरेशन, दुसरीच्या पायाला जखम. डॉक्टरांनी आठवडाभर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मास्तर गुरुवारपासून रोज दाराशी येऊन वॉर्डाच्या सिस्टरला विचारत होते. पायाच्या जखमेची बाई म्हणाली, "हे कोण हो? रोज येतात आणि माझ्याकडे न बघता जातात." सिस्टर म्हणाली, "कुकरचे मास्तर." ती म्हणाली, "मग मला काय, शिजवणार आहेत?" वॉर्डात हसू उठलं. दोघींनाही ताप नव्हता, जखमा कोरड्या होत्या. पुढेही दोघींना काही झालं नाही. पण हे रविवारी कोणाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी खुलासा लिहिला. जाळी तुंबल्याचं लिहिलं, आणि खाली स्पष्ट अक्षरात, 'मला गुलाबी व हिरवा या रंगांतील फरक कळत नाही. ही गोष्ट मी आजवर कळवली नाही. पट्टी हिरवी असल्याचे मी दुसऱ्याकडून खात्री करून घेतले. त्यात त्या व्यक्तीचा दोष नाही.' मावशींचा उल्लेख त्यांनी तेवढाच ठेवला. बायकोने वाचलं. "मग आता फाटकावर?" "फाटकावर." ती म्हणाली, "फाटकाचा रंग काय आहे तुमच्या, माहीत आहे का?" आणि दोघं जरा वेळ हसले.

सोमवारी नव्या सिस्टरनी कागद उभ्यानेच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. मग उठून दार लावलं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"बायकोला. आता मोठ्या सिस्टरना."

"मास्तर, हे मी वर पाठवलं तर उद्या तुम्ही मशीनवर नसाल."

"हो."

"आणि मला विचारतील, बारा वर्षं इन्चार्ज सही करत होती, ती कोणी बंद केली."

मास्तरांना हे सुचलंच नव्हतं. ते म्हणाले, "तुम्ही विश्वासाने बंद केलीत."

"तसा रकाना नसतो." त्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे सरकवला. "नवीन कापडाच्या तंतूंनी जाळी तुंबली, वरचा काटा बरोबर होता, त्यामुळे लक्षात आलं नाही. एवढंच लिहा. यात खोटं एक अक्षर नाही. पट्टी उद्यापासून मला आणून दाखवायची. तिन्ही. दुपारच्याही कोणीतरी दुसऱ्याने बघायच्या, तशी लेखी नोटीस मी आजच काढते. जाळी प्रत्येक लोडनंतर साफ. चालेल?"

हे आपल्यासाठी चाललं आहे की त्यांच्या स्वतःसाठी? मास्तर कागदाकडे बघत राहिले. पण लोड दोन माणसं बघणार होती आणि त्यातल्या एकाला दिसत होतं. त्यांनी दुसरा कागद लिहिला, सही केली.

"आणि तो पहिला?"

"राहू दे माझ्याकडे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी तो चार घड्या करून टेबलाच्या वरच्या खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली.

प्रकरण दुसऱ्या कागदावर मिटलं. 'यापुढे दक्षता घ्यावी' असा शेरा आला. मास्तर पुन्हा पट्टी हातावर ठेवून एकतीस पावलं चालू लागले. फरक एवढाच की आता त्यांना माहीत होतं की सिस्टरना माहीत आहे आणि सिस्टरनाही हे माहीत होतं. सिस्टर पट्टी खिडकीकडे न धरता टेबलावरच्या दिव्याखाली नीट बघत. कधी म्हणत, "छान हिरवी." ते 'छान' कशासाठी, हे मास्तरांना उमगत नसे.

तीन आठवड्यांनी त्यांनी विचारलं, "मास्तर, दोन रविवार यायला जमेल का? दुपारचा जोडीदार तेव्हा रजेवर असेल." मास्तर उत्तर देणार तोच त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणणार नाही, माहीत आहे मला." हे बोलताना त्यांची नजर खणाकडे गेली. गेली का? तिथेच पेनही होतं.

"धमकीच ही, सरळसरळ," जोडीदार म्हणाला. त्याला खणाचं ठाऊक नव्हतं, तो सगळ्यालाच धमकी म्हणतो.

"अहो, माणूस हक्काच्या माणसालाच असं म्हणतो," बायको म्हणाली.

मास्तर दोन्ही रविवार गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग एके दिवशी दुसऱ्या लोडची पट्टी घेऊन ते खोलीत गेले तर खोली रिकामी होती. खणाला किल्ली तशीच लटकत होती, तिच्या दोऱ्याला बांधलेला लाकडी बिल्ला अजून हलत होता. मास्तर टेबलासमोर उभे राहिले. हात लांब केला असता तर पोचला असता. त्यांनी केला नाही. आपण प्रामाणिक म्हणून उभे आहोत, की दाराआडून कोणी बघत असेल म्हणून, हे त्यांनी स्वतःला विचारून बघितलं.

सिस्टर हात पुसत आत आल्या. त्यांनी किल्लीकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "इथेच राहिली होती वाटतं. बरं झालं, तुम्ही होतात." किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली.

मास्तर रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी पहिल्या लोडच्या वेळी पक्के ठरवून गेले. पट्टी टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधले.

"सिस्टर, एक विनंती आहे. तो कागद एकतर वर पाठवा, नाहीतर मला परत द्या. काय व्हायचं ते होऊ दे. मशीन गेलं तर गेलं. पण तो असा मध्येच..."

सिस्टरनी पट्टी दिव्याखाली घेतली होती. त्यांनी मान वर केली. चेहरा नेहमीसारखाच होता.

"कोणता कागद, मास्तर?"

फाडला का? फाडला असेल तर सांगत का नाहीत? फाडला नसेल तर असं का विचारतात? सिस्टर वाट बघत होत्या, खरोखर उत्तराची वाट बघावी तशा.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"हिरवी," सिस्टर म्हणाल्या आणि सही केली.

मास्तर एकतीस पावलं परत आले. मावशी ट्रॉली लावून उभ्या होत्या. त्यांनी पट्टीकडे न विचारताच डोकावून बघितलं. "हिरवी आहे," त्या म्हणाल्या. "खरंच. मधली असती तर मधली म्हणाले असते."

मास्तरांनी पट्टी रजिस्टरमध्ये चिकटवली, तळातली जाळी काढली आणि ब्रश शोधू लागले.